नंदीच्या चढावरची डावी लिव्हर

मिरजेहून संध्याकाळी सुटलेली गाडी सकाळी तुमकूर मागे टाकून पुढे निघाली, तेव्हा बाहेर धुकं होतं आणि नारळाची झाडं त्यात कमरेपर्यंत बुडाली होती. सत्त्याण्णव सालचा डिसेंबर. माझ्याजवळ सामान थोडंच होतं. एक बॅग, विनूची तीन पत्रं, तुकोजीराव नावाच्या एका अनोळखी गृहस्थांचं पोस्टकार्ड, आणि बॅगेच्या तळाशी सुतळीचा गुंडा व दोन गोणपाटं. गोणपाटं बाबांच्या नकळत घेतली होती.

विनू, म्हणजे विनायक, माझा अकरा वर्षांनी धाकटा भाऊ. बंगळूरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात तो बारा वर्षं होता. मार्चमध्ये काविळीनं गेला. तेव्हा बाबा आणि चुलतभाऊ धावत इथं आले. मी घरी थांबले, कारण कोणीतरी घरी थांबायला हवं होतं. ‘ताई, एकदा ये’ असं तो प्रत्येक पत्रात लिहायचा. मी आले ती तो नसताना.

दसऱ्यानंतर ते पोस्टकार्ड आलं. ‘विनायकराव यांची सायकल तयार आहे. आयुधपूजेस हळदकुंकू वाहिले. घरच्या कोणी येऊन न्यावी.’ बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “जा तू. पण इथं आणू नकोस. विकून ये. दारात उभी दिसली तर मला घास गिळवणार नाही.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विनूच्या शेवटच्या पत्रात त्या सायकलीविषयी पानभर मजकूर होता. गिअरची नवी जुळणी केली आहे. आता एकदा इथला नंदीचा डोंगर चढून बघतो. नंदीला पास झाली की मे महिन्यात रजा काढून सायकलवरूनच मिरजेला येतो, असं त्यात होतं. ती परीक्षा राहून गेली होती. गाडीत बसण्याआधीच मी मनाशी ठरवलं होतं: नंदी चढवून बघायची. चढली तर तिला मिरजेला न्यायची, बाबा काहीही म्हणोत. नाही चढली, तर बाबांचा शब्द. दोन महिने मी पहाटे उठून माझ्या साध्या लेडीज सायकलवर नरसोबाच्या वाडीपर्यंत जाऊन येत होते. कॉलेजच्या ग्रंथपालबाई या वयात हे काय करताहेत, असं विचारणाऱ्यांना मी ‘गुडघ्यासाठी’ असं सांगत होते.

मल्लेश्वरमला आमच्या कॉलेजातल्या एका बाईंच्या मावशीकडे उतरले. अंघोळ करून लगेच रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, “एल्लिगे? (कुठं?)” मी पोस्टकार्डच पुढे धरलं. त्यानं पत्ता वाचून मला नीट न्याहाळलं. “पेटे? सायकल शॉप? नीवु? (तुम्ही?)” मग मान हलवून म्हणाला, “सरी. (ठीक.)”

पेटे म्हणजे बंगळूरची जुनी बाजारपेठ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं, असे बोळ. झेंडूच्या आणि शेवंतीच्या राशी, त्यांच्या शेजारी तांब्याची भांडी, त्यांच्या शेजारी रेशमाचे धागे. एका बोळाच्या टोकाला तुकोजीरावांचं दुकान होतं. दुकान कसलं, तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला फळी. साठीचा, ठेंगणा, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस. कपाळाला कुंकवाची उभी रेघ, चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधलेली.

“विनायकरावांच्या अक्का?” त्यांनी मी काही बोलण्याआधीच विचारलं. “नाक तेच आहे. बसा. कॉफी बाय-टू सांगतो.”

बाय-टू म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. हे इथलं रीतसर माप आहे, कंजूषपणा नव्हे. दोन माणसं बोलायला बसली की एकच कॉफी मागवायची, संपली की पुन्हा एक.

त्यांची मराठी ऐकून मला गंमत वाटली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांसारखी, आणि मध्येच कानडी. विचारलं तेव्हा म्हणाले, “आमचे लोक शहाजीराजांच्या फौजेसंगं आले. परत जायाचं स्वल्प (थोडं) राहून गेलं.”

दुकानाच्या छताला आडवी तार होती आणि तिच्यावर शेकडो पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. सायकल कामाला आली की तिच्या सीटखाली चिठ्ठी बांधायची, काम झालं तरी ती सोडायची नाही. मालकानं स्वतः पहिली फेरी मारून ‘बरं आहे’ म्हटलं की मगच ती सुटून तारेवर जायची, अशी त्यांच्या वडलांपासूनची पद्धत. विनूच्या सायकलीची चिठ्ठी अजून सीटखालीच होती. कानडीत काहीतरी लिहिलेलं, शाई फिकट झालेली.

सायकल त्यांनी चादर काढून उजेडात आणली. निळी, सडपातळ, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. पुढच्या नळीवर कुंकवाचं वाळलेलं बोट. मी हात लावला नाही. लांबूनच बघत राहिले, आणि तेव्हा ते लक्षात आलं.

हँडलच्या उजव्या बाजूला ब्रेक होता तो जाडसर, नव्या पद्धतीचा; ब्रेक दाबायची दांडीच आडवी ढकलली की ‘खट्’ करून मागचा गिअर पडायचा. डाव्या बाजूला मात्र साधा, काटकुळा, जुना ब्रेक. पुढच्या गिअरची लिव्हर तिथं नव्हतीच. ती होती खाली, तिरप्या नळीवर. बोटभर लांबीची, झिजून पांढरी पडलेली एक पट्टी.

ज्या बाईनं वीस वर्षं ग्रंथालयात काढली आहेत, तिला संचातला एक खंड दुसऱ्याच बांधणीचा दिसला की ती आधी नोंदवही उघडते.

“याचा डावा कुठं आहे?” मी विचारलं.

“हा काय.” त्यांनी नळीवरची पट्टी दाखवली.

“हा नव्हे. उजव्याच्या जोडीचा.”

“तो विनायकरावांनीच काढायला लावला.”

“का?”

“चालवली तर कळेल, अक्का. निधान (हळूहळू) सांगतो, आधी कॉफी—”

मला ते पटलं नाही. सायकल नऊ महिने यांच्याकडे पडलेली. मालक विचारायला येणार नाही हे यांना ठाऊक. मी तोंडानं काही बोलले नाही, पण चेहरा बोलला असावा, कारण तुकोजीरावांनी विषय बदलला. हातातला पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, “सीट स्वल्प खाली करून देऊ?”

“नको. आहे तशीच द्या.”

“सरी. चिठ्ठी मात्र सोडू नका. फेरी झाली की मी सोडणार.”

मी सायकल हातानं ढकलत बोळाबाहेर आणली. माझा पेला तसाच भरलेला राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कोरमंगलाला गेले. विनूच्या पत्रांत कौस्तुभचं नाव वारंवार यायचं. पुण्याचा मुलगा, संगणकाच्या कंपनीत नोकरी, दर रविवारी दोघं मिळून सायकलींवर जायचे. तेव्हाचं कोरमंगला म्हणजे नवी बंगल्यांची वस्ती, रिकाम्या प्लॉटांत गवत आणि मधूनमधून चरणाऱ्या म्हशी. कौस्तुभ एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होता. खोलीत गादी एक आणि सायकली दोन.

त्यानं दार उघडलं, सायकल पाहिली, आणि तिच्या हँडलवर हात ठेवला.

“ताई, मी पत्र लिहायला हवं होतं,” तो म्हणाला. “तीनदा सुरू केलं.”

“मलाही पूर्ण करता येत नाहीत,” मी म्हटलं.

डाव्या लिव्हरचं विचारताच तो उठला आणि बुटांच्या खोक्यातून कापडात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. हुबेहूब उजवीसारखी, फक्त डाव्या हाताची. “विनायकची आहे ही. जानेवारीत मी पडलो, माझी डावी तुटली. हा म्हणाला, माझी घे. त्याच आठवड्यात त्यानं काढून आणून दिली. आता माझी नवी जोडी अमेरिकेहून आली, म्हणून ही नुसतीच पडलीय.”

म्हणजे तुकोजीरावांनी काही लपवलं नव्हतं. मला कानकोंडं झालं. पण त्याहून मोठं काहीतरी मनात उभं राहिलं. विनूनं मित्रासाठी स्वतःची चांगली वस्तू काढून दिली आणि स्वतः भंगारातली पट्टी लावून बसला. लहानपणीही तो असाच होता. शाळेत छत्री घेऊन जायचा आणि भिजून यायचा. दिलेली वस्तू आता परत आली आहे, तर ती तिच्या जागी गेली पाहिजे. मला यात शंकेला जागाच दिसली नाही.

“बसवून देतोस?”

“अर्थात. ताई, सिस्टिम एकच पाहिजे. अर्धं हे, अर्धं ते, असं मिक्स करत नाहीत. मी त्याला म्हणत होतो, तर नुसता हसायचा.” त्यानं गच्चीवर सायकल उलटी केली. दुपारपर्यंत डावा जुना ब्रेक आणि नळीवरची पट्टी निघाली. नवी लिव्हर बसली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मला फार दिवसांनी काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटलं.

खाली कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यानं मला लोण्यात भिजलेला डोसा खाऊ घातला. खाता खाता म्हणाला, “विकणार असाल तर मला सांगा. दुसऱ्या कोणाकडे गेलेली मला बघवणार नाही.”

“नंदीनंतर सांगते.”

“नंदी? तुम्ही?” त्याच्या हातातला घास थांबला. “ताई, तिथं आम्हीसुद्धा रडतो.”

“मग मीही रडेन,” मी म्हटलं. “चढताना.”

शुक्रवारी सकाळी निघाले. सलवारच्या पायांना रबर लावले, ओढणी कमरेला घट्ट बांधली. मावशी दारात येऊन म्हणाल्या, “लोक बघतील हो.” मी म्हटलं, “बघू देत, तेवढंच रस्त्यावर लक्ष राहील त्यांचं.” खरं तर मलाच भीती वाटत होती. सीट उंच होती. थांबताना एका पायाचा अंगठा जेमतेम टेकत होता. पण ती विनूची उंची होती आणि मला ती बदलायची नव्हती.

सपाटीवर सायकल अशी पळाली की मला हसू आलं. हेब्बाळच्या तळ्यावर बगळे बसले होते. पुढे रस्ता किंचित चढतो. मी डावी लिव्हर ढकलली. ‘खट्’ झालं, चेन पुढच्या मोठ्या दातेरी चाकावरून लहान चाकावर उतरली आणि खाली ‘खर्र खर्र’ असा आवाज सुरू झाला. चेनला दिशा देणारा एक लहानसा पिंजरा पुढे असतो, त्याला ती घासत होती. उलट ढकलली तर पुन्हा मोठ्या चाकावर. दोनच घरं, मधलं काही नाही. घासत घासत यलहंकापर्यंत गेले. तिथल्या चढाच्या तोंडाशी एक लॉरी मागून हॉर्न देत आली, मी घाईत लिव्हर चुकून उलटीकडे पुरी ढकलली, चेन मोठ्या चाकालाही ओलांडून बाहेर पडली आणि पायडलच्या दांडीत अडकली. पाय टेकायला जमीन दूर होती. मी सायकलीसकट डावीकडे कोसळले.

रस्त्याकडेला पेरू विकणारी एक बाई धावत आली. तिनं आधी मला उठवलं, मग सायकलीला, आणि मग दोघींकडे आळीपाळीनं पाहून कानडीत बरंच काही बोलली. त्यातलं एक वाक्य तिनं हातवाऱ्यांनी समजावलं: या वयात, ही असली सायकल? तिनं माझ्या गुडघ्यावर पाणी ओतलं, तिखटमीठ लावलेला पेरू हातात दिला. मी तिच्या टोपलीशेजारी बसून तो खाल्ला. गुडघा सोलवटला होता. सलवार फाटली होती. मी चेन बसवायचा प्रयत्न करत होते, आणि ती पुन्हा पुन्हा त्याच जागी घासत होती.

सोपं होतं. इथूनच बसच्या टपावर सायकल टाकायची, कोरमंगला गाठायचं, कौस्तुभला म्हणायचं, घे. बाबांचा शब्द राहिला असता. सायकल नापास झाली होती, माझ्याच डोळ्यांदेखत.

पण ती विनूनं केलेली सायकल नव्हती. मी केलेली होती. परीक्षेला मी दुसऱ्याच कोणालातरी बसवलं होतं. पेरूची बी दाताखाली आली आणि तुकोजीरावांचं ‘चालवली तर कळेल’ आठवलं. मी बसला हात केला. मात्र कोरमंगलाची नव्हे, पेटेतल्या मार्केटची बस धरली.

तुकोजीराव कुणाच्या तरी चाकाची तार ओढत होते. त्यांनी माझा गुडघा पाहिला, डावी लिव्हर पाहिली, आणि हातातलं काम संपवलं. मग कॉफीवाल्याला ओरडून सांगितलं, “बाय-टू!”

“तुकोजीराव, परवा मी तुमच्यावर संशय घेतला.”

“ठाऊक आहे.”

“माझं चुकलं.”

“चुकलं तर चुकलं. आज कॉफी प्या पुरी, साकु (बास).” ते हसले. “परवा तुमची अर्धी मलाच प्यावी लागली. रात्री झोप नाही.”

मग त्यांनी सायकल टांगली, पायडल हातानं फिरवलं आणि मला शेजारी बसवून दाखवलं. मागच्या बाजूला सात चाकं, त्यांची अंतरं ठरलेली. तिथं खटका चालतो, एक ‘खट्’ म्हणजे एक घर. पुढे चाकं दोनच. पण चेन मागे कुठल्या चाकावर आहे त्याप्रमाणे ती पुढे तिरकी होते, म्हणून पिंजरा कधी स्वल्प इकडं, कधी स्वल्प तिकडं घ्यावा लागतो.

“ह्या नव्या लिव्हरीला तिच्या जोडीचा पिंजरा पाहिजे. तो ह्या सायकलीवर नव्हताच कधी. विनायकराव महिनाभर घासत हिंडले. मग एक दिवस म्हणाले, तुकोजीराव, उजवीला खटका ठेवा, डावीला जुनी सरकती लावा. तेवढ्यात त्या पुण्याच्या पोराची तुटली, तर म्हणाले, त्याचं बी काम झालं, माझं बी.”

म्हणजे त्याग वगैरे काही नव्हता. नको होती म्हणून काढली होती, आणि मित्राला दिली. मला जरा वेळ लागला हे पचवायला. गेलेल्या माणसाला आपण किती पटकन थोर करून ठेवतो. विनू थोर नव्हता. तो चांगला कारागीर होता, आणि मला तेच जास्त आवडायला हवं होतं.

“आणि हे बघा.” सीटमागच्या छोट्या चामडी पिशवीतून तुकोजीरावांनी तेलकट कागदात गुंडाळलेली दुसरी एक पट्टी काढली. नळीवरच्या पट्टीची जोडीदार, उजव्या बाजूची. “म्हणाले, मिरजेच्या वाटेवर हावेरी-धारवाडला हा नवा खटका बिघडला, तर कोण करणार? तर ही नळीला उजवीकडं लावायची. एका स्क्रूचं काम. घरी पोचणार म्हणजे पोचणार.”

जुनी पट्टी आणि जुना ब्रेक कौस्तुभनं मला कागदात बांधून दिले होते. तुकोजीरावांनी ते पुन्हा बसवले. पायडल फिरवत म्हणाले, “अंगठा ठेवा. ढकला. निधान. खटका नाही येणार, वाट बघू नका. कानानं बघा. आवाज थांबेल तिथं थांबा.”

मी ढकललं. खर्र खर्र. थोडं मागे. खर्र. आणखी केसभर. चेन गप्प झाली.

“आता सीट,” मी म्हटलं. “थोडी खाली करा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सीटची नळी पुसून दाखवली. तिच्यावर दोन बारीक ओरखडे होते. एक जिथं सीट होती तिथं. दुसरा तीन बोटं वर, म्हणजे सीट खाली ढकलल्यावर तोंडाशी येईल असा. “हा त्यांचा, आणि हा तुमचा. फेब्रुवारीत मारला. म्हणाले, माझी अक्का येईल तेव्हा खाली लागेल. परवा विचारलं तर तुम्ही नको म्हणालात.”

मी कॉफीचा पेला हातात घेऊन बसून राहिले. तुकोजीरावांनी पाठ फिरवली आणि नसलेलं काम शोधू लागले.

रविवारी नंदी. तुकोजीरावांनी ठरवलेली युक्ती अशी की चिक्कबळ्ळापूरकडून पहाटे भाजी घेऊन येणारे टेम्पो सकाळी रिकामे परत जातात, त्यातल्या एकात सायकल, मी, ते स्वतः आणि त्यांची मोपेड असे देवनहळ्ळीपर्यंत जायचं. टेम्पोत कोथिंबिरीच्या काड्या पसरल्या होत्या. उतरलो तेव्हा आमच्या चौघांनाही कोथिंबिरीचा वास येत होता. (सायकल आणि मोपेड धरून चौघं.)

देवनहळ्ळीनंतर दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, लाल माती आणि समोर धुक्यात अर्धवट दिसणारा डोंगर. झोपलेल्या बैलासारखा दिसतो म्हणतात. मला तो बैल दिसला नाही, नुसता चढ दिसला. पायथ्याशी इडली खाल्ली. तुकोजीराव म्हणाले, “दोन खा. तिसरी वर गेल्यावर. पोट भरलं की डोंगर वाढतो.”

चढ सुरू झाला. उजव्या हातानं खट्, खट्, मागचे गिअर हलके केले. मग डावा हात हँडलवरून सोडून खाली नळीपर्यंत न्यायचा. चढावर एका हातानं तोल सांभाळत ते करायला धीर लागतो. पहिल्यांदा सायकल नागमोडी गेली. तुकोजीराव मागून मोपेडवर ओरडले, “निधान, अक्का! कोणी मागं लागलं नाही!” दुसऱ्यांदा अंगठा बरोबर पट्टीवर पडला. चेन घसरत लहान चाकावर आली, जरा कुरकुरली. मी केसभर मागे घेतली, आणि ती गप्प झाली. त्यानंतर फक्त माझा श्वास आणि टायरखालची वाळू.

वळणामागून वळणं. निलगिरीचा वास, कठड्यावर बसलेली माकडं. एका अवघड वळणावर मागचा मोपेडचा आवाज अडखळला. वळून पाहिलं तर तुकोजीराव मोपेडला पाय मारत होते. “इंजिन असून पाय मारायला लावते, बघा!” ते धापा टाकत म्हणाले. “आणि लोक मला सायकलवाला म्हणतात!” मला हसू आलं आणि हसण्यानं दम गेला. पुढच्या वळणावर मांड्या थरथरायला लागल्या, आणि मला उतरावं लागलं.

सायकल ढकलत शंभरेक पावलं चालले. तेवढ्या पावलांत मी स्वतःला बरंच काही बोलून घेतलं. वळण सपाट झालं तिथं पुन्हा बसले. वर पोचेपर्यंत आणखी एकदा उतरले. वरच्या किल्ल्याच्या शेवटच्या दरवाजातून आत गेले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की डोंगर संपला हे पायांनाच आधी कळलं.

तुकोजीराव माझ्यामागून पोचले. मी कठड्याला टेकून म्हटलं, “दोनदा उतरले मी. हे नापास.”

“परीक्षा कोणाची होती? तुमची?”

“सायकलीची.”

“मग? चेन पडली? लिव्हर सरकली? तुम्ही दमलात, ती नाही दमली.” त्यांनी खाली वाकून सीटखालची चिठ्ठी धरली आणि मला विचारलं, अगदी दुकानात विचारावं तसं: “फेरी झाली. बरं आहे?”

खालून वाऱ्यानं धुकं वर येत होतं, आणि क्षणभर त्यात एक फट पडून द्राक्षांचे मांडव दिसले, मग पुन्हा मिटले. “बरं आहे,” मी म्हटलं.

त्यांनी गाठ सोडली, चिठ्ठी खिशात घातली. मग आम्ही वरच्या कँटीनमध्ये तिसरी इडली खाल्ली.

कौस्तुभला त्याच्या बुटांच्या खोक्यासाठी ती लिव्हर परत दिली. “विकत नाही,” एवढंच सांगितलं. तो म्हणाला, “वाटलंच होतं.” मग जरा वेळानं, “मी पण ती सरकती ट्राय करून बघू का?” मी म्हटलं, “तुकोजीरावांकडे जा. कॉफी पुरी पी.”

एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला. “उद्याच्या गाडीनं सायकल घेऊन येतेय.” पलीकडे फक्त तारेतला खरखराट. मीटरचे आकडे पुढे सरकत होते. “बाबा?” त्यांनी फोन ठेवला.

गोणपाटं कामाला आली. सायकल पार्सलच्या डब्यात चढली आणि परतीच्या वाटेवर मी खिडकीशी बसून तीच स्टेशनं उलट्या क्रमानं पाहिली. येताना वाटत होतं, विनूचं जे काही उरलं आहे ते गोळा करून पूर्ण करावं. पण त्याचं काम पूर्ण होतं. मलाच ते अपुरं दिसलं होतं. हावेरी गेलं, धारवाड गेलं. तो ज्या रस्त्यानं येणार होता तो रुळांच्या कडेनं कधी दिसायचा, कधी झाडांत जायचा.

मिरजेला उतरले. पार्सल ऑफिसच्या दाराशी बाबा उभे होते. काठी, मफलर, आणि नजर दुसरीकडे. मी गोणपाटं सोडली. हमालानं सायकल भिंतीला टेकवली आणि गेला.

बराच वेळ बाबा तिच्याकडे बघत नव्हते. मग बघू लागले. चाकं, सीट, कुंकवाचं बोट. शेवटी त्यांची काठी वर आली आणि हँडलच्या उजव्या बाजूला टेकली, मग तिथून खाली नळीवर.

“हा इथं आणि तो तिथं? जोडी का नाही याची?”

मी मागचं चाक एका हातानं उचललं आणि दुसऱ्या हातानं पायडल फिरवायला लागले. खर्र खर्र.

“बाबा, अंगठा ठेवा त्याच्यावर. खटका येणार नाही. हळू ढकला. आवाज थांबेल तिथं थांबा.”

काठी त्यांनी भिंतीला लावली. अंगठा पट्टीवर ठेवला. खर्र, खर्र. मी फिरवत राहिले. ते वाकून, कान जवळ नेऊन ऐकत होते.